उशीर करणारी पिशवी

आंबा घाटातलं एक वळण एसटीने जरा जोरात घेतलं आणि वरच्या रॅकवरची माझी कॅमेऱ्याची बॅग खाली आली. मधल्या वाटेत, पत्र्यावर, धप्प. अर्धी गाडी जागी झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काचेचं नव्हतं ना रे काही, बाळा?" सगळं काचेचंच होतं. चेन उघडताना हात नीट चालेना. कॅमेरा बाहेर काढला, डोळ्याला लावला, बटण दाबलं. आवाज नेहमीसारखा आला आणि पडद्यावर आजी उमटल्या, तोंडाला पदर लावलेल्या, माझ्यापेक्षा जास्त काळजीत. फोटो चक्क चांगला आलाय.

साखरप्याला चहा घेता घेता वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. रॅकपासून जमीन पावणेदोन मीटर धरली. एवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तू ०.६ सेकंदात खाली येते आणि टेकताना तिचा वेग असतो ताशी २१ किलोमीटर. उताराला लागलेली सायकल याहून जोरात जाते. म्हणजे नुसत्या वेगाने कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते थांबताना, आणि थांबायला किती अंतर मिळालं यावर सगळं ठरतं. गणित इतकं सोपं आहे की पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचं. जे उत्तर येईल, स्वतःच्या वजनाच्या साधारण तेवढे पट भार त्या वस्तूवर सरासरीने येतो.

नुसता कॅमेरा पत्र्यावर आपटला असता, तर कॅमेरा आणि पत्रा दोन्ही मिळून फार तर एक मिलिमीटर दबले असते. पावणेदोन मीटर म्हणजे १,७५० मिलिमीटर, भागिले एक. लेन्ससकट माझा कॅमेरा दीड किलोचा. क्षणभर त्याच्यावर अडीच टनांहून जास्त भार आला असता, म्हणजे तीन छोट्या मोटारी एकीवर एक रचल्यासारखा. बॅगेच्या तळाचा फोम मात्र अडीच सेंटिमीटर दबला असावा. १,७५० भागिले २५, उत्तर ७०. दीड किलोच्या सत्तरपट म्हणजे १०५ किलो. एक धष्टपुष्ट माणूस क्षणभर कॅमेऱ्यावर उभा राहिला आणि उतरला, इतकंच. माझ्या कॅमेऱ्याने तेवढं सोसलं.

त्या कडेवरच्या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. बॅगेने धक्का अडवला असं आपण म्हणतो, पण पडताना आलेली ऊर्जा अडवता येत नाही, ती कुठेतरी जिरावीच लागते. बॅगेने तिला फक्त उशीर केला. सेकंदाच्या एका अगदी बारीक तुकड्यात जे उरकलं असतं, ते पंचवीसपट सावकाश होऊ दिलं.

हे कोकणातल्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. हापूसच्या लाकडी पेटीत आंब्यांच्या थराखाली आणि थरांमध्ये भाताचा पेंढा असतो. पेंढ्याची एकेक काडी म्हणजे पोकळ नळी. ती वाकते, चेपते, मोडते, आणि तेवढ्या वेळात ट्रकने खाल्लेला खड्डा संपून जातो. शिवाय पेंढ्यातून हवा खेळती राहते. कॅमेऱ्याची बॅग ही हापूसची पेटीच आहे, पण पेंढ्याचं हे दुसरं काम ती विसरून गेली आहे. त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. तिकडे येतोच.

आधी फोम. घरातली बॅग असेल तर तिच्यातला एक आडवा कप्पा ओढून काढा, चर्रर आवाज करत सुटणारा, आणि दोन बोटांत दाबून पाहा. सोफ्याचा स्पंज दाबला की त्यातली हवा फुस्स करून निघून जाते, कारण त्याचे बुडबुडे एकमेकांत उघडतात. बॅगेच्या चांगल्या कप्प्यात बुडबुडे बंद असतात. प्रत्येकात थोडी हवा कायमची कोंडलेली. दाबाल तर ती आकसते, सोडाल तर परत फुगते. म्हणजे हजारो रुपयांच्या त्या लेन्सला पडताना झेलते ती कोंडलेली हवा; बाकी प्लास्टिक आहे ते तिला जागेवर धरून ठेवायला.

पण फोम फार मऊ असेल तर तो पहिल्या क्षणालाच पूर्ण चेपतो आणि कॅमेरा खालच्या जमिनीला भिडतो. फार कडक असेल तर तो दबतच नाही, आणि मग फोम असूनही आपण एक मिलिमीटरच्या हिशेबावर परत येतो. कॅमेरा जितका जड तितका त्याला पेलणारा फोम घट्ट हवा. त्यामुळे "भरपूर गुबगुबीत आहे हो साहेब" हे दुकानातलं वाक्य ऐकलं की मला शंका येते. तिथल्या तिथे करण्याची परीक्षा सोपी आहे: बॅग काउंटरवर ठेवा, आत हात घाला आणि बोटाच्या पेराने तळ जोरात दाबा. खालचा काउंटर पेराला लागला तर ती बॅग मऊ आहे. आणखी एक परीक्षा घरी करायची. कॅमेरा आत ठेवून बॅग कानाशी धरून हलवायची. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर पडल्यावर दोन टकरी होणार, एक बॅगेची जमिनीशी आणि दुसरी कॅमेऱ्याची शेजारच्या लेन्सशी. कप्पे सरकवता येतात ते याचसाठी. कप्प्यांना लावलेले ते बोटाने चिकटवायचे-सोडवायचे पट्टे जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरला सुचले, १९४१ साली रानातून फिरून आल्यावर आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं सोडवताना. आपल्याकडे गोखरू काढताना आपण फक्त वैतागतो.

आता कापड. बॅगेच्या चिठ्ठीवर ६०० डी, १००० डी असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनिअर, धाग्याच्या जाडीचं माप, आणि ते मोजायची रीत मला भलती आवडते: ९ किलोमीटर लांब धागा घ्यायचा आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये करायचं. सीएसएमटीपासून दादरपर्यंत लोकलच्या रुळाशेजारून एक धागा सोडत गेलात आणि दादरला त्याची गुंडी वजनकाट्यावर ठेवली, तर १००० डेनिअरची गुंडी एक किलो भरेल. रेशमाच्या किड्याने काढलेला एकेरी तंतू त्याच अंतरात साधारण एक ग्रॅम भरतो. हे माप मुळात रेशमाचंच, येवल्यात पैठणीच्या रेशमाला आजही तेच लावतात. म्हणजे तुमच्या पाठीवरच्या काळ्या नायलॉनचा आणि पैठणीचा वजनकाटा एकच.

कापड जाड म्हणून पाणी येणार नाही असं मात्र समजू नका. पाणी कापडातून क्वचितच येतं, ते येतं चेनीतून आणि शिलाईतून, कारण सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीक नळ. सह्याद्रीतला पाऊस तर वरून पडतच नाही, आडवा येतो. बॅगेवर चढवायचं रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडीच सोडतं; पाणी पाठीवरून ओघळत कव्हरच्या तळाशी साठतं आणि आपण एक छान तळं पाठीवर घेऊन चालत राहतो. तळाला निथळायचं भोक असलेलं कव्हर घ्या. नसेल तर बॅगेच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. दहा रुपयांच्या त्या पिशवीने माझा कॅमेरा जितक्यांदा वाचवला आहे, तितक्यांदा महागड्या कव्हरने नाही.

या पिशव्यांची वंशावळही मजेची आहे. फार वर्षं फोटोग्राफर कडक पेट्या घेऊन फिरत, आणि पेटी खाली ठेवून उघडेपर्यंत समोरची घटना संपून जाई. १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एका दैनिकातले फोटोग्राफर जिम डॉम्के यांनी या वैतागातून कॅनव्हासची एक ढिली, जवळजवळ फोम नसलेली पिशवी शिवून घेतली. पिशवी अंगाला बिलगावी आणि हात आत गेला की लेन्स हाताला लागावी, एवढीच त्यांची अपेक्षा. जगभरच्या बातमीदारांनी ती उचलली. त्याच दशकात इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही कंपनी गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत होती, आणि त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्या कॅमेऱ्यांसाठी घेऊन जाताहेत. गळ टाकणाऱ्याला हवं काय, तर पाणी न शिरणारं कापड, वेगवेगळे कप्पे आणि चटकन उघडणारं झाकण. फोटोग्राफरला तरी दुसरं काय हवं!

कडक पेट्याही संपल्या नाहीत, त्या फक्त शहाण्या झाल्या. १९७६ साली डेव्ह पार्कर या हौशी पाणबुड्याने कॅलिफोर्नियात पेलिकन कंपनी सुरू केली. कडेला रबरी कडं असलेली, पाण्यात टाकली तरी तरंगणारी त्यांची पेटी आज सिनेमावाल्यांच्या प्रत्येक टेम्पोत दिसते. अशा पेटीचं कवच धक्का सावकाश करत नाही, ते काम आतल्या फोमचंच. कवच टोकदार मार पसरवून देतं. पण तिची खरी गंमत झाकणाजवळच्या रुपयाएवढ्या झडपेत आहे.

समजा तुम्ही महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पेटी घट्ट लावलीत आणि मुंबईला आलात. आत महाबळेश्वरची विरळ हवा कोंडलेली, बाहेर समुद्रसपाटीची दाट हवा. झाकण ४० बाय ३० सेंटिमीटरचं असेल तर बाहेरची हवा त्याच्यावर दीडशे ते पावणेदोनशे किलोच्या आसपास भार टाकून बसते. कड्या सोडल्या तरी झाकण हलत नाही. कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखं वाटतं. विमानातून आलेल्या पेटीचं असंच होतं. म्हणून झडप. जुन्या पेट्यांत ती हाताने फिरवावी लागे. नव्या पेट्यांत तिथे एक पांढरा पातळ पडदा असतो, ज्यातून हवा जाते आणि पाण्याचा थेंब जात नाही. हा पडदा म्हणजे ताणलेलं टेफ्लॉन. बॉब गोर १९६९ साली तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हलक्या हाताने ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्यांनी एक कांडी जोरात हिसडली, तर ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब झाली, आत असंख्य सूक्ष्म छिद्रं घेऊन. उशिराचं एवढं कौतुक करणाऱ्या या लेखात हा एक हिसका अपवाद म्हणून राहू द्या.

बॅग आणखी एका गोष्टीला उशीर करते आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मे महिन्यात हॉटेलच्या एसी खोलीतून बाहेर गॅलरीत आलात आणि कॅमेरा डोळ्याला लावलात, तर समोर दूध पसरल्यासारखं पांढरं. किनाऱ्यावरची ३२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव टाकायला लागते. खोलीतून आलेली काच असते २३-२४ अंशांची. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच हे. लोक शर्टाच्या टोकाने पुसतात, परत दव धरतं, परत पुसतात. करायचं एवढंच की बाहेर निघताना कॅमेरा बंद बॅगेत ठेवायचा आणि अर्धा तास बॅग उघडायची नाही. धक्का झेलणारी ती कोंडलेली हवा उष्णतेलाही सहज वाट देत नाही, त्यामुळे काच सावकाश तापते आणि बाहेरची दमट हवा तिच्यापर्यंत भसकन पोचत नाही. सूर्योदय टिपायचा असेल तर हा अर्धा तास आधी मोजून उठावं लागतं, याला इलाज नाही.

इथवर बॅगेचं कौतुक झालं. आता तक्रार.

काही वर्षांपूर्वी गणपतीआधी मी एक लेन्स फोर्टातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. फोटो धुकट यायला लागले होते. त्यांनी लेन्स दिव्यासमोर तिरकी धरली आणि मला बघायला सांगितलं. आतल्या काचेवर कोळ्याचं जाळं. मधून निघून फांद्या फुटत कडेपर्यंत गेलेलं, इतकं नाजूक की क्षणभर मला ते सुंदरच वाटलं.

"कुठे ठेवली होती?"

"बॅगेत. कपाटात, अगदी जपून. जूनपासून काढलीच नाही."

"तेच तर केलंत," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लेन्समध्येही ते कारखान्यापासूनच असू शकतात. त्यांना तीन गोष्टी मानवतात: अंधार, न हलणारी हवा आणि काही दिवस सलग ६५-७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता. पावसाळ्यात कोकणात ती ८५-९०च्या घरात असते. खायला धुळीचा कण, बोटाचा तेलकटपणा, लेन्समधलं वंगण, काहीही चालतं. खाता खाता बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप कुरतडतं. काचेवरची चकाकी घालवणारा तो जांभळट-हिरवट लेप साधारण एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. आपला केस त्याच्या सातशेपट जाड. एवढ्याशा पापुद्र्याला कुरतडायला काय वेळ लागणार. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात दोस्त सैन्याच्या दुर्बिणी याच बुरशीने आंधळ्या केल्या होत्या आणि शास्त्रज्ञांना त्यावर वेगळं संशोधन हाती घ्यावं लागलं. चंद्रावर अपोलोच्या अंतराळवीरांनी वजन वाचवायला मागे ठेवलेले हॅसलब्लाड कॅमेरे मात्र या बाबतीत निश्चिंत आहेत. ना दमट हवा, ना कपाट.

आणि इथे बॅगेचा स्वभाव उलटतो. आत यायला उशीर, तसा बाहेर जायलाही उशीर. जूनमध्ये अस्तराने, पट्ट्याने, शिलाईच्या दोऱ्याने जी ओल पिऊन घेतली, ती बंद बॅगेत तशीच बसून राहते. बाहेर चार दिवस ऊन पडतं, वाळवणं होतात, पण बॅगेच्या आत अजून आषाढच चाललेला असतो. हापूसच्या पेटीला फटी असतात त्या उगाच नाही. जुनी चामड्याची कव्हरं तर याहून वाईट. आमच्या घरी बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता, त्याचं तपकिरी, टिचबटणाचं कव्हर दर श्रावणात हिरवट व्हायचं आणि आई ते खोबरेल तेलाने पुसून परत कॅमेऱ्यावर चढवायची. म्हणजे बुरशीला ओलीबरोबर तोंडी लावायला तेलही.

बॅगेत येणाऱ्या त्या "खाऊ नका" लिहिलेल्या पुड्यांचं काय? आतले सिलिका जेलचे मणी हा एक चमत्कारच आहे. एका ग्रॅम मण्यांच्या आतल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सातशे चौरस मीटरच्या आसपास भरतील, म्हणजे कबड्डीची पाच मैदानं, आणि ही सगळी मैदानं पाण्याचे रेणू चिकटवून घ्यायला टपलेली. पण बॅग काही हवाबंद नसते. तिच्यात ही पुडी ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून एसी लावणं. दोनचार दिवसांत पुडी तृप्त होते आणि पुढे नुसती बसून राहते. हेच मणी रबरी कड्याच्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कसे वागतात पाहा. दहा लिटरच्या डब्यातल्या पावसाळी हवेत पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम, चिमूटभर मिठाएवढं. पन्नास ग्रॅम मण्यांना ते दातांच्या फटीत पुरणार नाही. मात्र डब्यात कॅमेऱ्याबरोबर बॅग किंवा कापडी पट्टा कोंबलात, तर हिशेब फिसकटतो, कारण ओल हवेत थोडी आणि कापडात फार असते. तांदळाचा उपाय सांगणारे भेटतील. पावसाळ्यात डब्यातला तांदूळ स्वतःच ओल धरून बसलेला असतो, तो दुसऱ्याची काय पिणार. त्याच्या पिठीने लेन्सची चक्रं मात्र जाम होतात.

रंगीत मण्यांचा रंग बदलला की ते भरले असं समजायचं. एखाद्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवले की ते परत कामाला लागतात. निळे मणी असतील तर ते पातेलं स्वयंपाकात परत घेऊ नका, त्या निळाईत कोबाल्ट असतं. डब्यात ठेवायचा पेढ्याएवढा आर्द्रतामापक मिळतो, त्याचा काटा ४० ते ५०च्या मध्ये असावा. फार खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं.

तेव्हा बॅग कोणती घ्यावी असं मला विचाराल तर माझं उत्तर थोडं निराश करणारं आहे. आहे तो कॅमेरा आणि एक जादा लेन्स घट्ट बसेल एवढीच, पेराला तळ न लागणारी, आणि लोकलमध्ये पोटाशी घेतली तर शेजाऱ्याच्या बरगडीत न रुतणारी. त्याहून मोठी घेतलीत तर ती भरेपर्यंत तुम्हाला चैन पडणार नाही. उरलेल्या पैशांत डबा आणि अर्धा किलो मणी घ्या. बॅग प्रवासाची, डबा घराचा. पावसाळ्यात घरी आलात की कॅमेरा डब्यात जाऊ द्या, आणि बॅग तोंड उघडं ठेवून पंख्याखाली टांगा.

आणि आज एवढं करा. कपाटातली लेन्स काढा, खोलीत अंधार करा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून पाहा. जाळं दिसलं आणि ते यंदाचंच असेल, तर बहुतेक वेळा पुसून निघतं. माझ्या लेन्सचं निघालं नाही.